घाट चढेन तर रेल्वेनंच

मेल्विनाचा फोन आला तेव्हा डोरथी मागच्या पडवीत पेडवे साफ करत बसली होती. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"मम्मी, बाप्तिस्मो येत्या आयताराक. चर्चीत धाच्या मिसाक."

"बरां झाला गो. आमी शुक्रवाराकच येताव."

"तू ये." मेल्विना थोडी थांबली. "पप्पांका विचारू नको."

"असा काय म्हणतंस?"

"मी सासूक सांगान ठेवलंय, पप्पांचो गुडघो दुखता, घाटातले धक्के सोसणत नाय. घर घेतला तेव्हा गुडघो. बाळ झाला तेव्हा गुडघो. आता तीच इचारता, आपरेशन कित्याक करणत नाय म्हणान. काय सांगू तिका? पप्पांनी रेल्वेची शपथ घेतल्यानी, असा सांगू?"

फोन ठेवल्यावर डोरथीनं उरलेले पेडवे इतक्या जोरानं खरवडले की दोन-तीन तर पार फाटलेच. पुढच्या व्हरांड्यातून नवऱ्याचा आवाज येत होता. सिप्रियन फर्नांडिस मुंबईतल्या कुणाला तरी फोनवर बजावत होता, की सर्वेक्षण झालं म्हणजे काम झालं असं नव्हे, सर्वेक्षणं आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. तेही खरंच होतं. त्या सर्वेक्षणांना आलेल्या किती माणसांना आपण जेवू घातलं, हे डोरथीनं मोजायचं कधीच सोडून दिलं होतं.

सिप्रियन मालवणच्या बंदर कार्यालयात नोकरीला होता. आगबोट यायची ते दिवस त्यानं पाहिले होते. धक्क्यावर गर्दी, हमालांची आरडाओरड, बोटीचा भोंगा. मग आगबोट बंद झाली आणि कार्यालयात माश्या मारायचं काम तेवढं उरलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. कोल्हापूरहून घाट उतरून वैभववाडीला येणारी आणि तिथून थेट विजयदुर्ग बंदराला भिडणारी रेल्वे झाली पाहिजे. लोक म्हणत, मालवणचा माणूस विजयदुर्गासाठी कशाला घसा कोरडा करतो? तो म्हणे, रूळ एकदा समुद्राला लागू देत, मग तो समुद्र कुणाचा ते बघू. त्यानं समिती काढली, अध्यक्ष झाला आणि तळेऱ्याला भरलेल्या एका मोठ्या सभेत टाळ्यांच्या कडकडाटात उभं राहून गरजला, "यापुढे घाट चढेन तर रेल्वेनंच!" त्याच्या मागोमाग समितीतल्या बाकीच्यांनीही हात वर केले.

त्या वेळी मेल्विना शाळेत होती. पुढे ती नर्स झाली, कोल्हापूरच्या एका इस्पितळात लागली आणि त्याच शहरातल्या ॲरोन लोबोशी तिचं जमलं. लग्न मालवणच्या इगर्जीत झालं म्हणून त्या वेळी निभावलं. पण लेकीचं घर बापानं अजून पाहिलेलं नव्हतं. डोरथी एकटी बसनं जायची, घाटात चार वेळा ओकायची, लिंबू हुंगत कोल्हापूर गाठायची आणि उंबऱ्यावरच जावयाची नजर चुकवायची.

त्या दिवशी जेवताना तिनं विषय काढलाच.

"आयताराक नातीचो बाप्तिस्मो आसा."

सिप्रियनचा चेहरा एकदम उजळला आणि हळूहळू विझला. "तू जा," तो म्हणाला. "माझे आशीर्वाद सांग."

"आशीर्वाद काय पार्सलान धाडूचे?"

"डोरथी, चार लोकांसमोर दिलेलो शब्द आसा."

"त्या चार लोकांतले दोन मेले!"

"म्हणानच," सिप्रियन गंभीरपणे म्हणाला आणि त्यानं भातावर कढी ओतून घेतली. डोरथी त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाशी भांडावं कुठून, तेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिला जानकी परब भेटली. जानकीचा नवरा हरिश्चंद्र समितीचा चिटणीस. बाजारपेठेत त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. बोलता बोलता जानकी सहज म्हणून गेली, "ह्ये आज नाय हत. कोल्हापुराक गेलेहत. म्हयन्यातसून एकदा जातत नाय? माल बघतत, येताना गूळ हाडतत." आणि बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली.

"बशीन?" डोरथीनं विचारलं.

"नायतर काय विमानान?"

संध्याकाळी डोरथी दुकानात जाऊन उभी राहिली. हरिश्चंद्र नुकताच आलेला, शर्टाला घाटाची धूळ तशीच. तिला बघून तो खिळ्यांच्या डब्यामागे काहीतरी शोधू लागला.

"हरीभाऊ, तुमी गेलास ह्येबद्दल माका कायएक म्हणूचा नाय," ती म्हणाली. "फक्त त्येंका सांगा. सगळ्यांनी शपथ सोडल्यानी, तुमीव सोडा. तुमचा ऐकतले."

"वैनी, माझ्या तोंडान नाय सांगूक व्हयत." हरिश्चंद्र घामाघूम झाला. "आपण असा करूया. समितीचो ठराव करूया. शपथ स्थगित. ठराव झालो की अध्यक्षाक मानूकच होयो."

झालं, सभा ठरली. सभा डोरथीच्याच व्हरांड्यात, भजीही तिचीच. हजर कोण, तर हरिश्चंद्र, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला शिवा तोरसकर आणि स्वतः अध्यक्ष. शिवाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे भजीची थाळी येईपर्यंत सभा कशासाठी आहे हे त्याला कळलंच नाही. हरिश्चंद्रनं चाचरत ठराव मांडला. सिप्रियन खुर्चीत बसला की पुस्तकी मराठी बोलायचा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि निर्णय दिला.

"गणसंख्या पूर्ण नसल्यामुळे हा ठराव दाखल करून घेता येत नाही."

"अरे पण गणसंख्या आता कधीच पुरी होवची नाय!" हरिश्चंद्र कळवळून म्हणाला. "माणसां खंय आसत?"

"हा मुद्दा पुढील सभेत घेता येईल," अध्यक्ष म्हणाले.

दाराआड उभ्या डोरथीनं झारा उचलला तो कुणाच्या तरी डोक्यात घालायलाच. पण मग कढईतली भजी करपायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्हरांडा झाडत होती. भिंतीवर रेल्वेचा मोठा नकाशा टांगलेला होता आणि कोल्हापूरपासून विजयदुर्गापर्यंत सिप्रियननं लाल पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती. वर्षानुवर्षं ती या नकाशावरची धूळ झटकत आली होती, पण लाल रेघेपलीकडे तिनं कधी बघितलं नव्हतं. आज झाडू हातात तसाच धरून ती काळ्या रेघेवरून बोट फिरवत गेली. कुडाळ, सावंतवाडी, मडगाव. मडगावहून एक फाटा डोंगरात शिरत होता. कुळे, लोंढा, बेळगाव, मिरज. आणि मिरजेहून कोल्हापूर!

"ओ!" तिनं आत हाक मारली. "भायर येवा बगू."

सिप्रियन दाढीचा साबण गालावर घेऊनच आला.

"तुमी काय म्हटलेलास तळेऱ्याक? शब्दान् शब्द सांगा."

"घाट चढेन तर रेल्वेनंच."

"खंयच्या रेल्वेन, खंयचो घाट, ता म्हटलेलास?"

"नाय." त्यानं संशयानं तिच्या बोटाकडे पाहिलं.

"मगे ही बगा रेल्वे. हो बगा घाट. आणि ह्यां बगा कोल्हापूर."

सिप्रियन नकाशाच्या अगदी जवळ गेला. गालावरचा साबण वाळून पांढरा होईपर्यंत तो तिथेच उभा होता. डोरथीला वाटलं, आता हाही मुद्दा पुढच्या सभेत जाणार. पण तो वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखा आनंद होता.

"ही लायन म्हणजे बंदराक वरच्या मुलखाशी जोडणारी लायन, डोरथी! माका ती बगूकच होयी होती. ह्यो अभ्यासदौरो जातलो!"

अभ्यासदौरा! नातीचा बाप्तिस्मा राहिला बाजूला. तरी डोरथीनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि शुक्रवारची तिकिटं काढायला सांगितली. तिथेही तो आडवा आलाच. शुक्रवारी तळेऱ्याला कुणी इंजिनिअर येणार होता, अध्यक्षांनी भेटलंच पाहिजे. शनिवारी सकाळी निघालो तरी रविवारी पहाटे पोचतो, त्यानं हिशोब करून दाखवला. शुक्रवारी तो दिवसभर तळेऱ्याच्या तिठ्यावर उन्हात उभा राहिला. इंजिनिअर आलाच नाही.

शनिवारी सकाळी दोघं कुडाळला गाडीत बसली. डोरथीच्या पिशवीत बाळाचा झालरीचा पांढरा झगा होता. तिनं स्वतः शिवलेला. शिवाय बोल म्हणतात त्या गोड नारळी पावांची मोठी पेटी आणि दोन वेळचा डबा. सिप्रियनच्या पिशवीत समितीची पत्रकं. मडगावपर्यंत सगळं सुरळीत गेलं. तिथं दुपारी गाडी बदलली आणि समोरच्या बाकावर कुळ्याजवळच्या गावची एक गोंयकार बाई येऊन बसली. सिप्रियननं तिला लगेच पत्रक दिलं. बाईनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"बंदराची रेल्वे जाय तुमकां?" ती म्हणाली. "आमगेर येवन रावात म्हयनोभर. दीस-रात कोळशाच्यो गाड्यो. म्हज्या पडद्यांचो रंग कसलो आशिल्लो, तो म्हाकाच याद ना."

"आमच्याकडे कोळसो येवचो नाय," सिप्रियन सांगू लागला. "आमच्याकडे आंबो, काजू, मासळी, थयसून साखर..."

"तुमकां विचारून हाडटले?"

सिप्रियननं वाद घालायला सुरुवात केली आणि तो वाद बाई कुळ्याला उतरेपर्यंत चालला. उतरताना तिनं पत्रकात शेंगांची टरफलं गुंडाळून नेली, तेव्हा डोरथीला पहिल्यांदा हसू आलं.

ते हसू फार टिकलं नाही. कुळ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावली. सिप्रियन खाली उतरून ती बघून आला, कुणाला तरी चढ किती आहे ते विचारून आला. गाडी घाटात शिरली, बोगद्यांमागून बोगदे गेले आणि मग एका लहानशा स्टेशनावर, दोन्हीकडे दाट रान, ती जी थांबली ती थांबलीच. पुढे चढावर एक मालगाडी अडकली होती. ती निघाल्याशिवाय वाट नव्हती. फोनला रेंज नव्हती. ऊन रानावरून सरकत गेलं. डब्यातली पोरं रडून रडून झोपली. डोरथीनं डबा उघडला, पण तिला घास गिळेना. सिप्रियन मात्र खिडकीला नाक लावून दरीतले पूल न्याहाळत होता.

"बग गो, ह्यां त्या काळात बांधलेला. आणि आमच्या घाटात म्हणे जमणत नाय."

तिथं डोरथीचा बांध फुटला. इतके दिवस जे बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, ते तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"तुमचो हरीभाऊ दर म्हयन्याक कोल्हापुराक जाता. बशीन! कळला? तुमचो चिटणीस!"

सिप्रियन खिडकीतून बाहेर बघत होता तसाच बघत राहिला. "म्हायत आसा," तो म्हणाला.

"काय म्हायत आसा?"

"त्येणी दिवाळीक गुळाची ढेप दिली, ती खंयसून इली म्हणान समजलंस? मालवणात पिकता कोल्हापुरी गूळ? शिवाव जाता, त्येच्या भाच्याकडे. समितीतले कदममास्तर मरायच्या आदी जाऊन इले. माका सगळ्यांचा म्हायत आसा."

डोरथीनं डब्याचं झाकण आपटून लावलं. "मगे तुमीच कित्याक धरून बसलास?"

तो बोलला तेव्हा त्याचा सभेतला आवाज कुठे नव्हता.

"आगबोट बंद झाली तेव्हा सगळे म्हणाले, बंद होऊक देवचे नाय. मोर्चो काढूया. आणि फुडल्या म्हयन्यापासून सगळे यष्टीन मुंबयक जाऊक लागले. मीव गेलंय. कोणाचाच काय अडला नाय, म्हणान बोट परत इली नाय. रेल्वेशिवाय एकाचा तरी अडूक होया, डोरथी. नायतर मागतलो कोण? आणि कित्याक?"

बाहेर रानात कुठेतरी माकडं ओरडत होती. या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली आणि हे त्यानं आपल्याला कधी सांगितलं नाही, या विचारानं डोरथीला आणखीच राग आला.

"अडला ता तुमचा नाय," ती म्हणाली. "तुमी घरात बसान कढी जेवलास. अडला ता मेल्विनाचा. ती थंय सासरी खोटा बोलता तुमच्यापायी."

"काय खोटा?"

त्यानं पुन्हा विचारलं. पिशवीतला झगा काढून तिनं मांडीवर ठेवला आणि त्याच्या झालरी उगाचच सरळ करत राहिली.

गाडी हलली तेव्हा अंधार पडला होता. मिरजेला पोचेपर्यंत उजाडलं. कोल्हापूरची पहिली गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, दुसरी लागायला अर्धी सकाळ गेली आणि ती लागल्यावरही प्रत्येक स्टेशनावर विसावा घेत चालली. मिरजेहून डोरथीनं फोन केला होता. मेल्विना फक्त "बरां" म्हणाली. हातकणंगले मागं पडलं तेव्हा मिसाची वेळ कधीच टळून गेली होती. डोरथीनं मनातल्या मनात नातीच्या कपाळावर पाणी घातलं आणि डोळे पुसले. सिप्रियननं ते पाहिलं. पत्रकांची पिशवी त्यानं पायानं बाकाखाली सारली.

कोल्हापूर स्टेशनवर ॲरोन कोट घालून उभा होता, छातीला अजून पांढरं फूल. तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला होता, मोजकं बोलणारा. त्यानं सासऱ्याच्या हातातली पिशवी घेतली आणि "या, पप्पा" एवढंच म्हणाला. डोरथीला वाटलं, त्यापेक्षा चार शब्द लागट बोलला असता तर बरं झालं असतं.

घरात पाहुणे जेवून पांगले होते. दारातच ॲरोनची आई मिलाग्रीनबाई समोर आली. जन्म कोल्हापुरात गेल्यामुळे बोलणं थेट तिथलंच.

"या, या! गुडघा कसा हाय आता?"

सिप्रियननं मागं वळून पाहिलं, गुडघा दुसऱ्या कुणाचा आहे की काय म्हणून. "कसला गुडघा?"

"तुमचा की! धक्का सोसत न्हाई म्हणं. मी वर्षभर दर आयतवारी तुमच्या गुडघ्याची मेणबत्ती लावतोय!"

खोलीच्या दारात मेल्विना बाळाला घेऊन उभी होती. तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"गुडघो बरो आसा, आई," ती सासूला म्हणाली. "पयलेपासून बरो आसा. पप्पांनी शपथ घेतलेली, रेल्वे झाल्याशिवाय घाट चढूचो नाय म्हणान. माका सांगूक लाज वाटली."

मिलाग्रीनबाईंना ते समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी सिप्रियनला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हंजे एवढ्या मेणबत्त्या फुकट गेल्या?" त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. रडायला की हसायला, ते कळलं नाही.

सिप्रियन तसाच उभा. दोन दिवसांची दाढी, शर्टाच्या कॉलरला काळी रेघ. मेल्विना त्याच्यासमोर आली.

"बाप्तिस्म्याची मेणबत्ती पेटवून झाली, पप्पा. फादरांनी पाणी घातला. फोटो झाले. आता इलास तुमी."

"गाडी थंय घाटात..."

"गाडीचा माका काय एक सांगू नकात!"

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं. आणि मग काय करावं ते न सुचून तिनं ते रडतं बाळ सरळ बापाच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. सिप्रियननं नातीला घेतलं. डोरथीला वाटलं, आता हा माणूस काहीतरी भाषण करणार. पण तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बाळाच्या तोंडाकडे बघत राहिला. थोड्या वेळानं बाळानं रडणं थांबवून त्याची पँट ओली केली. तरी तो उठला नाही. ॲरोननं टॉवेल आणून दिला, तोही तसाच हातात राहिला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडून रेल्वेचा र निघाला नाही. डोरथीनं नातीला झगा घातला. तो जरासा घट्ट झाला होता, तरी घातला. मेल्विनानं फोटो काढले आणि शेवटच्या फोटोत बापाला न विचारता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. रात्री जेवताना तिनं त्याच्या ताटात मटणाची नळी वाढली. सिप्रियननं खाली मान घालून ती चोखली. तेवढ्यावर बापलेकीचं मिटलं असं म्हणता येणार नाही, पण निदान सुरुवात झाली.

पाच-सहा दिवस राहून झाले. परत निघायच्या आदल्या संध्याकाळी डोरथीनं कंबर कसली.

"मी उद्या बशीन जातलंय," तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं. "ओकले तरी चलात. तुमका मडगाव-बिडगाव फिरूचा असला तर फिरा."

"मीव बशीन येतंय," सिप्रियन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"शपथ घाट चढूची होती," त्यानं समजावून सांगितलं. "उतरूची नाय."

डोरथी मटकन पलंगावर बसली. मेल्विना मात्र खो खो हसत सुटली, ती थांबेचना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ॲरोनही मग हसला. मिलाग्रीनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं, आणि कुणालाच ते धड सांगता येईना.

घाट उतरताना सिप्रियन पुढच्या बाकावर बसला आणि बोगदा कुठून निघेल, पूल कुठे पडेल, ते ड्रायव्हरला सांगत राहिला. डोरथी मागे प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसली होती. तळेऱ्याला बस थांबली तेव्हा तिथं चहा पिताना तो म्हणाला, "त्या गोंयकार बाईन इचारला ता बराबर होता. काय माल आणतले, ता आमका पयला इचारूक होया. पत्रक बदलूक होया." म्हणजे समिती काही सुटलेली नव्हती.

दोन दिवसांनी हरिश्चंद्र घरी आला. अध्यक्ष कोल्हापूरला जाऊन आल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं.

"गेलो कशान तो?" त्यानं डोरथीला हळूच विचारलं. "बशीन?"

"रेल्वेन," डोरथी म्हणाली.

हरिश्चंद्र चरकला. "सुरू झाली? आणि माका कोणी सांगला नाय?"

डोरथीनं त्याला चहा दिला आणि उत्तर द्यायचं टाळलं. म्हटलं, बसू दे दिवसभर डोकं खाजवत.

जानेवारीत नातीचे कान टोचायचं ठरलं आणि या वेळी मेल्विनानं फोन बापालाच केला. सिप्रियननं लगेच कुडाळहून आरक्षण केलं, त्याच त्या फेऱ्याचं. डोरथीनं कपाळाला हात लावला. वाद घालून घालून तिचा घसा बसला. शेवटी तिनं त्याचा डबा बांधून दिला, दोन वेळचा, आणि त्याला स्टेशनच्या रिक्षात बसवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतः लिंबू घेऊन बसमध्ये चढली. दुपारी कोल्हापूरला पोचली, नातीला न्हाऊ घातलं, जेवली आणि मिलाग्रीनबाईंच्या शेजारी जरा लवंडली. चार वाजता दाराची कडी वाजली. सिप्रियन उभा होता. केस विस्कटलेले, तोंडावर धुळीची पुटं, डोळ्यांत तीच लकाकी.

"डोरथी, ह्या खेपेक काय झाला म्हायत आसा?" तो उंबऱ्यातूनच सुरू झाला. "कुळ्याक इंजिनाच्या ड्रायव्हराची गाठ पडली, आणि तो सांगता..."

डोरथीनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"पयली आंघोळ करा," ती म्हणाली. "पाणी तापला हा."